केडगावचे खिळे

हा छपाईचा खिळा. शिशाचा. टोकाला एकच अक्षर, तेही उलटं. असे खिळे एकेक करून उचलायचे, ओळ लावायची, ओळींचं पान बांधायचं. त्यात आपली मराठी. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं. जुळाऱ्याचा जीव मेटाकुटीला यावा असं काम.

शंभर वर्षांपूर्वी पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात, मुक्ती मिशन या निराधार बायकांच्या आश्रमाच्या छापखान्यात, हे काम बायका करत होत्या. छापत होत्या बायबल.

त्यांच्यासाठी हे घर उभारलं पंडिता रमाबाईंनी. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. तीर्थक्षेत्री पुराणं वाचत फिरणारं हे कुटुंब. मूळ संस्कृत तेवढं वाचायचं, अर्थ सांगायची गरज नसे. कानावर पडलं की पुण्य लागतं, ही समजूत. मग दुष्काळ आला. होतं नव्हतं ते दानधर्मात, अनुष्ठानांत गेलं होतं. रानातला पाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, पाठोपाठ आई, बहीण. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी. रमाबाईंचं वय तेव्हा तेवीस, आणि पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा.

पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. इंग्लंड, १८८३ चा बाप्तिस्मा, मुंबईतलं विधवांसाठीचं शारदा सदन, ते पुण्यात आल्यावर धर्मांतरावरून उठलेलं वादळ. तो वाद आजही मिटलेला नाही, आणि या काही मिनिटांत आम्हीही तो मिटवणार नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथली भुकेली माणसं बघताना त्यांना काय आठवलं असेल, ते वेगळं सांगायला नको. सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आपल्याकडे आणल्या.

या बायकांनी धीर धरायचा कशाच्या आधारावर? रमाबाईंना तो बायबलमध्ये सापडला होता. पण तेव्हाचं मराठी बायबल त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. नुकतीच बाराखडी गिरवलेल्या बाईला त्यातलं काय उमजणार? म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि भाषांतराला बसल्या. कोलकात्यात संस्कृतसाठी ‘पंडिता’ पदवी मिळवलेली बाई आता साधा मराठी शब्द शोधत होती!

या ग्रंथात नुसता दिलासा नाही, हे विसरून चालत नाही. घरदार, मुलंबाळं गमावून राखेत बसलेला ईयोब त्यात आहे, आणि तो देवाला जाब विचारतो. ‘मला का टाकलंस?’ म्हणणारी स्तोत्रं आहेत. दुःखातल्या माणसाला आधी आपली तक्रार कुणीतरी मांडलेली दिसावी लागते, असं आम्हाला वाटतं. केडगावात ती तक्रार साध्या मराठीत आली, आणि अक्षर अक्षर जुळवून ती उभी केली तिथल्याच बायकांनी.

जुलै १९२१. मनोरमा गेली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या. ऐकू कमी येत होतं, तब्येत खालावलेली. तरी समोर मुद्रितं होती, आणि त्या ती तपासत राहिल्या.

५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

पान छापून झालं की बांधलेल्या ओळी सोडवायच्या. शाई पुसायची. आणि एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा, पुढच्या पानासाठी.