लाइट प्लॉट दुसऱ्या थिएटरात नेताना

हा बघा एका नाटकाचा लाइट प्लॉट, म्हणजे कुठला लाइट कुठे लावायचा याचा नकाशा. वरून दिसणारा रंगमंच, लाइट टांगायचे आडवे बार, बारवर ओळीने प्रोफाइल, फ्रेनेल, पार असे वेगवेगळ्या जातीचे लाइट, प्रत्येकाच्या शेजारी चॅनल नंबर, म्हणजे लाइट बोर्डवरचा त्याचा नंबर. दादरच्या शिवाजी मंदिरसाठी काढलेला प्लॉट पुण्याच्या बालगंधर्वला जसाच्या तसा चालत नाही, आणि आपल्या नाटकवाल्यांचं तर हे रोजचंच, आज इथे उद्या तिथे, त्यात एकाच थिएटरात सकाळी एक नाटक, दुपारी दुसरं, रात्री तिसरं, मग लाइट लावायला वेळ मिळणार तरी किती? म्हणून हे काम आदल्या दिवशी कॉम्प्युटरवरच उरकलेलं बरं.

सॉफ्टवेअर व्हेक्टरवर्क्स स्पॉटलाइट असो नाहीतर ऑटोकॅड, हात पहिल्यांदा जातो तो सगळं सिलेक्ट करून नव्या थिएटरच्या नकाशावर ओढून ठेवण्याकडे. तसं नका करू. सोफा, दार, नट उभे राहतात त्या जागा हे सगळं नाटकाचं, ते नाटकाबरोबर फिरतं. बार, बाल्कनी, प्रोसिनियम, म्हणजे रंगमंचाच्या तोंडाची चौकट, हे इमारतीचं, ते तिथेच राहतं. लाइट या दोघांच्या मधे, लटकतात इमारतीला आणि बघतात नाटकाकडे. त्यामुळे या तिघांचे लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, सुरुवातीलाच वेगळे ठेवायचे.

मग शून्य ठरवायचं. रंगमंचाची सेंटर लाइन आणि प्रोसिनियमच्या भिंतीची आतली कड, म्हणजे प्लास्टर लाइन, जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू 0,0. आर्किटेक्टकडून आलेला नकाशा बऱ्याचदा या बिंदूपासून कुठच्या कुठे, काही किलोमीटर लांबसुद्धा असतो, कारण तो जमिनीच्या सर्व्हेच्या आकड्यांवर काढलेला असतो, आणि इतक्या लांब काम केलं की रेषा थरथरतात, स्नॅप, म्हणजे कर्सरचं बिंदूला आपोआप चिकटणं, चुकतो. व्हेक्टरवर्क्समधे नुसता यूजर ओरिजिन, म्हणजे मोजायचा शून्य बिंदू, बदलला तर पट्टीवरचे आकडे बदलतात, चित्र तिथेच राहतं, म्हणून नकाशाच उचलून शून्यावर आणायचा. आणि उचलण्याआधी लेयर तपासा, ऑटोकॅडमधे लॉक किंवा फ्रीझ केलेल्या लेयरवरचं सगळं मागेच राहतं!

आता नाटकाचा लेयर शून्याला शून्य जुळवून बसवा, फोकस पॉइंट, म्हणजे लाइट रोखायच्या जागा, त्याच्याबरोबरच आले पाहिजेत. सेट बसला. खरं काम यापुढे.

समजा जुन्या थिएटरात फ्रंटचा, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूने उजेड टाकणारा, बार नटाच्या चेहऱ्यापेक्षा 6 मीटर उंच होता आणि समोर 6 मीटरवर होता, म्हणजे बरोबर 45 अंश, येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅनली मॅककँडलस यांनी 1932 मधे मांडलेल्या रंगमंच उजळण्याच्या पद्धतीतला कोन. नव्या थिएटरात उंची तीच पण बार 9 मीटरवर. कोन उतरून 34 अंशाच्या आसपास येतो. नट मागच्या फ्लॅटपासून, म्हणजे सेटच्या भिंतीपासून, दीड मीटर पुढे उभा असेल तर आधी त्याच्या चेहऱ्याची सावली फ्लॅटवर दीड मीटर खाली, जवळजवळ जमिनीलगत पडायची, आता ती एकच मीटर खाली पडते, म्हणजे अर्धा मीटर वर चढते आणि प्रेक्षकाला सरळ दिसते. प्रत्यक्ष अंतरही साडेआठ मीटरचं पावणेअकरा होतं, त्याच लाइटचा उजेड साधारण 60 टक्क्यांवर येतो, 26 अंशाचा झोत टाकणाऱ्या प्रोफाइलचं उजेडाचं वर्तुळ 4 मीटरवरून 5 मीटर होतं आणि शेजारच्या भिंतीवर सांडायला लागतं.

हे सगळं प्लॉटवर आधी दिसतं, म्हणून मला हे काम इतकं महत्त्वाचं वाटतं. रंगमंचाच्या जवळ दुसरा बार असेल तर लाइट तिकडे न्या. नसेल तर 26 च्या जागी 19 अंशाची लेन्स घाला, वर्तुळ साडेतीन मीटरच्या आसपास येतं आणि उजेडही बराचसा परत मिळतो. सावलीला मात्र लेन्सचा काही उपयोग नाही, तिथे दिग्दर्शकाशी बोलून नटाला पाऊलभर पुढे घ्यावं लागतं.

बारची उंची विसरू नका, वरून बघताना ती दिसतच नाही, आणि थ्रीडीमधे लाइट जुन्याच उंचीवर लटकत राहतात. प्रिंटच्या शीटवरचे व्ह्यूपोर्ट, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या खिडक्या, याही बघून घ्या, त्यांचा क्रॉप, म्हणजे कापायची चौकट, जुन्या जागीच राहतो आणि प्रिंटमधे अर्धा प्लॉट कापला जातो.

थिएटरात पोचल्यावर टेप काढून प्लास्टर लाइनपासून पहिल्या बारचं अंतर मोजा. कागदाशी जुळलं नाही तर लॅपटॉप उघडून फक्त तो बार सरकवा, लाइट बारला जोडलेले असतील तर बरोबर जातील, मग कोन परत तपासा आणि शिडीवर चढणाऱ्याच्या हातात नवी प्रिंट द्या, जुनी काढून घ्या.