भुताचा वेग आणि वाड्याची दारं

नमस्कार श्रोतेहो. गणिताची चौकटीची वही आणि पेन्सिल हाताशी असेल तर घेऊन बसा. झपाटलेल्या वाड्याचा भयखेळ कसा बांधायचा, हा आजचा विषय. संगणकावरचा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायचा खेळ, आणि तोही घरबसल्या एकट्याने करता येईल असा.

हा प्रकार रुजला जपानात. १९८९ साली कॅपकॉमचा ‘स्वीट होम’ आला. एक हवेली, आत अडकलेली ५ माणसं, प्रत्येकाजवळ एक खास वस्तू, आणि मेलेला माणूस पुन्हा उठत नाही. पुढे हौशी मंडळींनी हे सूत्र उचललं. ‘इब’, ‘द विचेस हाउस’ आणि ‘मॅड फादर’ हे तिन्ही खेळ २०१२ या एकाच वर्षातले, तयार साधनांवर जवळजवळ एकहाती उभे केलेले. हिंमत यायला एवढं पुरे.

आपण आरपीजी मेकर एमझेड हे खेळ बनवण्याचं साधन धरून चालू. त्यात जमीन ४८ पिक्सेलच्या चौकोनांची असते आणि पडद्यावर एका वेळी आडवे १७, उभे १३ चौकोन मावतात. वहीत तेवढा आयत आखा. खेळाडूचं जग एवढंच. भूत त्याच्या बाहेर आहे, हे सतत लक्षात असू द्या.

आता वाडा. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, वर माडी, खाली तळघर. दहा-बारा खोल्या भरपूर झाल्या. नवखा माणूस तीस खोल्या आखतो आणि पंचवीस रिकाम्या ठेवतो. खरी मेख दारांत आहे. पाठलागाच्या वाटेवरच्या प्रत्येक खोलीला किमान दोन दारं हवीत, म्हणजे ओसरीतून माजघर, तिथून स्वयंपाकघर, तिथून चौक आणि परत ओसरी असा फेरा पूर्ण होतो. मधल्या चौकामुळे आपल्या वाड्यांना हा फेरा जन्मजातच मिळालेला आहे. त्यासाठी परदेशी हवेलीचा नकाशा उसना आणण्याचं कारण नाही. बंद टोकाची खोली एखादीच ठेवा, आणि ती धोक्याची आहे हे खेळाडूला आधी शांतपणे बघू द्या.

आता भुताचा वेग. इथेच बहुतेक खेळ फसतात, म्हणून जरा सावकाश घेऊ. या साधनात वेगाच्या ६ पायऱ्या आहेत आणि सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावर उमटणारी ६० चित्रं. चौथी पायरी म्हणजे १६ फ्रेममध्ये एक चौकोन, सेकंदाला पावणेचार. पाचवी त्याच्या बरोबर दुप्पट. खेळाडू चालतो चौथ्या पायरीवर, शिफ्ट दाबून धावला की पाचव्या. भुताला चौथी दिली आणि धावणं चालू ठेवलं, तर भूत कधीच पोचणार नाही. भुताला पाचवी दिली आणि धावणं बंद केलं, तर १५ चौकोनांच्या पडवीत ते ४ सेकंदांच्या आत मानगुटीवर. आमचं मत विचाराल तर धावणं नकाशाच्या सेटिंगमधूनच बंद करा आणि दोघांनाही चौथी पायरी द्या. मग भूत पकडतं ते खेळाडू चुकला तरच: चुकीचं दार, फडताळाला अडखळणं, क्षणभर थबकणं. असा मेलेला खेळाडू खेळाला शिव्या देत नाही, स्वतःला देतो.

भुताच्या हालचालीसाठी तयार ‘अप्रोच’ पर्याय घेऊ नका. त्यात सहापैकी सरासरी चारच पावलं खेळाडूकडे पडतात, एक कुठेही जातं आणि एक सरळ पुढे. शिवाय पात्र पडद्यापासून फार लांब गेलं की त्याचं आपोआप चालणं थांबतं. ‘कस्टम’ मार्ग घ्या, त्यात ‘खेळाडूकडे एक पाऊल’ एवढीच आज्ञा ठेवा, ती पुन्हा पुन्हा चालवा आणि वारंवारता सर्वात वर न्या. हे पाऊल वाट शोधत नाही. मध्ये झोपाळा आला की भूत झोपाळ्याला नाक घासत उभं राहतं. म्हणून खोलीच्या मध्यभागी सामान नको, भिंतीलगत ठेवा. आणि भुताची पातळी ‘पात्रांच्या बरोबरीची’ असू द्या. खालची ठेवली तर ते खेळाडूच्या पायाखालून निघून जातं.

खेळाडू दुसऱ्या खोलीत गेला की जुन्या खोलीतलं भूत तिथेच राहतं. म्हणून प्रत्येक खोलीत भुताचं एक पात्र आधीच ठेवायचं, ‘पाठलाग’ नावाचा स्विच, म्हणजे खेळातली चालू-बंद खूण, चालू असतानाच दिसणारं. खेळाडू दारातून आत आला की ४५ फ्रेम थांबा, मग त्याच दारात भूत उभं करा. तो पाऊण सेकंद फार मोलाचा. त्यात माणूस मागे वळून बघतो. दारं मोजायला एक व्हेरिएबल, म्हणजे आकडा साठवणारा कप्पा, ठेवा आणि पाच दारांनंतर स्विच बंद करा. ‘इरेज इव्हेंट’ ही पुसण्याची आज्ञा वापरून भूत घालवू नका, खोली सोडून परत आलं की ते पुन्हा हजर होतं.

एमझेडमध्ये खोली बदलताच आपोआप सेव्ह होतं. पाठलागात याचा अर्थ काय? भूत पाठीशी असतानाचीच जागा नोंदली जाते आणि खेळाडू त्या मरणातून सुटत नाही. ऑटोसेव्ह मुळातच बंद करा. सेव्ह फक्त देवघरात, नंदादीपापाशी.

कंदिलाच्या उजेडासाठी मध्ये मऊ कडांचं भोक असलेलं काळं चित्र लागतं. पडदा ८१६ बाय ६२४ पिक्सेलचा, म्हणून चित्र दुप्पट, १६३२ बाय १२४८. तेवढंच केलं तर खेळाडू नकाशाच्या कडेला गेल्यावर कॅमेरा थांबतो आणि उजेड मध्येच लटकतो. समांतर चालणाऱ्या कॉमन इव्हेंटमधून, म्हणजे सगळ्या नकाशांना सामाईक असलेल्या आज्ञांच्या यादीतून, दर फ्रेमला चित्र खेळाडूच्या जागी सरकवा. जागा पायांची मिळते, म्हणून २४ पिक्सेल वर घ्या. तेलाचा हिशोब साधा: सगळ्यात जवळच्या वाटेने खेळ संपवायला लागणारा वेळ घड्याळाने मोजा आणि त्याच्या दीडपट तेल वाड्यात ठेवा.

आवाजाबद्दल रेडिओवर बोलायला संकोच कसला! आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे खालचे ३ मजले दगडी, वरचे ४ लाकडी. खेळातही तसंच करा. खाली पावलांचा कोरडा ठोका, माडीवर फळ्यांची करकर. भूत खेळाडूच्या डावीकडे असेल तर आवाजाचा पॅन, म्हणजे डावा-उजवा तोल, उणे ६०, उजवीकडे असेल तर अधिक ६०. पार्श्वध्वनी ओजीजी फाइलमध्ये हवा आणि पुनरावृत्तीची खूण सेकंदात नाही, आवाजाच्या नमुन्यांत द्यायची: ४४१०० हर्ट्‌झला, म्हणजे सेकंदाला ४४१०० नमुने असताना, दहावा सेकंद म्हणजे ४४१०००.

एक अडचण खास आपली. संवादाची खिडकी एकेक अक्षर उमटवते, त्यामुळे काना, वेलांटी, जोडाक्षरं सुटी पडतात. ‘किल्ली’ची पार चाळण होते. एमझेडमध्ये प्रत्येक ओळीच्या आरंभी उलटी तिरकी रेघ आणि त्याला लागून ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह टाका, म्हणजे ओळ एकदम उमटते आणि अक्षर शाबूत राहतं. सोबत मुक्तासारखा देवनागरी फॉन्ट सेटिंगमध्ये द्या.

खेळ तयार झाला की शेजारच्या एखाद्या दादाला किंवा ताईला खेळायला बसवा, दिवे मालवून आणि कानाला हेडफोन लावून. तुम्ही मागे वही घेऊन गप्प बसा. एकाच खोलीत तो तिसऱ्यांदा परत आला की वेळ टिपून ठेवा. बहुधा त्या खोलीपुढची किल्ली भलत्याच कोनाड्यात पडलेली असते.