माशाचा डोळा आणि पोरीचा चष्मा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'मासे आणि लघुदृष्टी', म्हणजे जवळचं दिसतं पण लांबचं धूसर दिसतं ते. समोर बोडी-तलावावर मासेमारी करणारी ढीवर मंडळी बसली आहे, त्यामुळे कल्ले, खवले, गाभोळी हे काही मी समजावत बसत नाही. पण माशाकडे वळायच्या आधी चष्म्याबद्दल बोलू द्या. ते पोटात साठलं आहे.

आमच्या शेजारची पोरगी, सातवीतली. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून बाजूच्या मुलीच्या वहीत बघायची. नक्कल करते म्हणून तिला मागच्या बाकावर बसवलं. तिथून तर फळा म्हणजे नुसता काळा डाग. पुढे तपासणीची गाडी आली, नंबर निघाला उणे साडेतीन. चष्मा मिळाला आणि आजीनं तो लुगड्यांच्या पेटीत ठेवून दिला. मी विचारायला गेलो तर म्हणाली, "नाही जी सर, चष्मा लावला का नंबर चढते. अन् पोरीले पाहायले आले तर काय सांगाचं?" त्याच घरात भावाचा चष्मा मात्र टेबलावर, अभ्यासाच्या दिव्याखाली! पोराचा चष्मा हुशारीचा आणि पोरीचा खोट, हा हिशेब मला आजवर पटला नाही आणि पटणारही नाही. 2002 साली मलेशियात काही मुलांना मुद्दाम कमी नंबरचे चष्मे देऊन पाहिले. नंबर थांबला नाही, उलट किंचित जास्तच वाढला. आजीला मी हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण पेटी काही उघडली नाही.

नंबर चढतो तो डोळा मागे लांबत जातो म्हणून. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर. तो एक मिलिमीटर जरी जास्त वाढला, तरी नंबर अडीचच्या आसपास चढतो.

काका विचारताहेत, रोहूला चष्मा लागतो काय? हसू नका, प्रश्न चांगला आहे. डोळ्यावर धुरकट झाकण लावून वाढवलेल्या तिलापियाला लघुदृष्टी आल्याचं प्रयोगात दिसलं आहे!

अध्यक्षांची चिठ्ठी आली, आता भराभर सांगतो.

अशा अभ्यासासाठी प्रयोगशाळेतला मुख्य मासा झेब्राफिश. बोटाच्या पेराएवढा, अंगावर निळे पट्टे, मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. अंडी अंगाबाहेर आणि पारदर्शक, त्यामुळे डोळा घडताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. पाचव्या दिवशी पिल्लाला चांगलं दिसतं. त्याच्याभोवती काळेपांढरे पट्टे फिरवायचे. पट्टे दिसले की डोळे त्यांच्यामागे फिरतात, नाही दिसले की थबकतात. पिल्लाची नेत्रतपासणी झाली. 2013 मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांची जोडीदार जनुकं त्याच्यात सापडली.

एलआरपी-2 हे जनुक बिघडलं की या माशाचे डोळे फुगून मोठे होतात, लघुदृष्टी येते. माणसात तेच जनुक बिघडलं तर डोनाय-बॅरो नावाचा दुर्मिळ आजार होतो, त्यातही नंबर फार मोठा असतो. जीजेडी-2 या दुसऱ्या जनुकाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. माणसाच्या लघुदृष्टीशी त्याचं नातं 2010 मध्ये लागलं. माशात त्याच्या दोन प्रती. एक बंद केली तर उलटच झालं, अधिक नंबरचा, म्हणजे जवळचं धूसर दिसण्याचा दोष आला, दुसरी बंद केली तर मोतीबिंदू आला आणि डोळा लांबला. म्हणून 'चष्म्याचं जनुक' असं एकटं काही नसतं. माणसाच्या जनुकसंचात लघुदृष्टीशी नातं असलेल्या अशा शेकडो जागा सापडल्या आहेत.

आणि उजेड. चीनमधल्या ग्वांगझू इथे शाळेत मुलांनी रोज 40 मिनिटं जादा मैदानावर, दिवसाच्या उजेडात घालवली, तीन वर्षांत लघुदृष्टी झालेली मुलं 39.5 ऐवजी 30.4 टक्के निघाली. पण घरोघरी आईबाप वेगळे, अंगण वेगळं. मग किती उजेडाचं आणि किती रक्ताचं, हे मुलांत वेगळं काढणार कसं? माशात काढता येतं. एका जोडीची शेकडो पिल्लं, निम्म्यांचं जनुक बदलायचं, दिवा हवा तितका वेळ लावायचा आणि महिनाभरात डोळे मोजायचे.