पाठवारा आणि माझं म्हणीशी भांडण

'वारा वाहील तशी पाठ द्यावी' ही म्हण ज्याने केली, त्याने असिमेट्रिक स्पिनेकर, म्हणजे पाठवाऱ्यात नावेच्या पुढे लावायचं असमान कडांचं फुगीर शीड, कधी लावलं नसणार. (हशा) जाहीर विषय 'जाइब कशी करावी', म्हणजे पाठवाऱ्यात नाव वळवून शीड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला कसं घ्यावं, हा आहे. त्याकडे येतोच, पण आधी हे भांडण मिटवू द्या.

पाठवारा मिळाला की माणूस नाकासमोर निघतो. मीही निघालो होतो. शीड उभं केलं, नाव वारा जातो थेट त्या दिशेला वळवली, आणि ते रंगीत कापड मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) आडोशाला वाळत घातल्यासारखं लोंबायला लागलं. मी सुकाणूवरून ओरडलो, "शीट ओढा!" सोबतच्या नवख्याने शीडच ओढलं. (हशा) हसू नका. शीट म्हणजे शीड नव्हे, चादर तर नव्हेच, शिडाच्या मागच्या कोपऱ्याचा दोर. तेवढ्यात शिडाने फोरस्टेला, म्हणजे डोलकाठीला पुढून ताणून धरणाऱ्या तारेला, गिरकी घेतली. वर एक फुगा, खाली एक फुगा, मध्ये पीळ. हुबेहूब डमरू! बराच वेळ आम्ही तो हातांनी सोडवत बसलो. शेवटी वैतागून जाइब केली, तर आपोआप उलगडला. दरम्यान आमच्याहून लहान एक नाव भलत्याच गावाला निघाल्यासारखी तिरकी गेली, आणि खालच्या, म्हणजे वारा जातो त्या टोकाच्या, बोयाला (तरंगत्या खुणेला) आमच्या आधी वळली.

त्या तिरकेपणाचा हिशेब बघा. वारा १० नॉट, म्हणजे ताशी १० सागरी मैल. सरळ खाली, म्हणजे वाऱ्यासोबत, ५ नॉटने गेलात, तर शिडाला उरतो ५ नॉट वारा, तोही मागून. आता ४० अंश तिरके व्हा. अंतर सुमारे ३० टक्क्यांनी वाढतं. पण नाव ७ नॉट धावली, तर शिडाला साधारण साडेसहा नॉट वारा मिळतो, आणि तो जवळजवळ आडवा लागतो. बोयाच्या दिशेने तुम्ही ५.४ नॉटने सरकता. कारण हे शीड वारा कोंडणारी पिशवी नाही, तो पंख आहे. त्याची पुढची कड लांब, पुढचा कोपरा बोस्प्रिटला, म्हणजे नावेच्या नाकापुढे निघालेल्या दांड्याला, बांधलेला, वारा पुढून मागे वाहणार. सिमेट्रिकवाले, म्हणजे दोन्ही कडा सारख्या असलेला स्पिनेकर लावणारे, शिडाचा कोपरा धरणारा दांडा (पोल) मागे ओढून अधिक सरळ जाऊ शकतात, मान्य. पण २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये आलेली 'फोर्टीनायनर' ही शर्यतीची नाव पाठवाऱ्यात तिरकीच धावते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर जाइब.

नाव हळू वळवा. जुनी शीट भरपूर सोडा, मागचा कोपरा फोरस्टेच्या पुढून जाऊ द्या, मग नवी शीट भराभर ओढा. जुनी शीट आवळून धरलीत, तर इथेही आमच्यासारखा डमरू होतो. जाइबनंतर पुढची कड किंचित मुडपेपर्यंत शीट सोडायची, मुडपली की जराशी ओढायची, आणि हे सतत. झोत आला की खाली उतरा, वारा पडला की वर, म्हणजे वारा येतो तिकडे, चढा.

उतरवणं राहिलंच. नाव सरळ वाऱ्यासोबत खाली न्या. ज्या आडोशाला मघाशी शिव्या दिल्या, तोच इथे कामाला येतो. शीड तिथे मलूल पडलं की टॅकचा (पुढच्या कोपऱ्याचा) दोर सोडा, कापड आत गोळा करा, आणि गोळा होईल तसतसं हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, सोडत जा. हॅलियार्ड आधीच सोडलंत, तर शीड पाण्यात जाईल आणि तुम्ही मासेमारी करत घरी याल.