आडवा सात : वारा, तीन घरं

मंडळी, पंखा बंद केलात ते बरं केलंत, नाहीतर माझे कागद थेट राजकोट किल्ल्यापर्यंत गेले असते. विषय वाऱ्याचा असला तरी एवढं प्रात्यक्षिक नको.

मी शब्दकोड्याचा जुना व्यसनी. आर्थर विन यांनी न्यूयॉर्कच्या एका दैनिकात २१ डिसेंबर १९१३ ला पहिलं कोडं छापलं, तेव्हा एका घरात एक अक्षर बसत होतं. मराठीत ते आलं आणि एका घरात अक्षर, काना, वेलांटी, रफार असं सगळं कुटुंब राहायला आलं. माझं भांडण सुरू होतं ते तिथूनच.

काही वर्षांपूर्वी एका रविवारच्या पुरवणीत बक्षिसाचं कोडं होतं. पहिलं बक्षीस थर्मास. आडवा सात : वारा, तीन घरं. मी पेन्सिलीने अनिल लिहिलं. उभा आठ त्याच्या मधल्या घरातून खाली उतरत होता : तारुण्य, तीन घरं. म्हणजे नवती, दुसरं काही बसतच नव्हतं. आता आडव्यात 'नि' आणि उभ्यात 'न'. समीर घालून पाहिलं, मरुत घातलं, पवन घातलं. पवनचा 'व' आला की नवती जाते. ते घर इतकं खोडलं की कागदाला भोक पडलं. घरातून विचारणा झाली, "जेवायला येताय की तिथेच वाढू?"

शेवटी बाणेदारपणा केला. अनिल कायम, नवतीवर पाणी. पुढच्या रविवारी उत्तर छापून आलं : अनल! अहो, अनल म्हणजे अग्नी. एका वेलांटीने आगीचा वारा होतो, आणि यांनी ती वेलांटीच खाल्ली. मी दोन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं, "संपादकांचा निर्णय अंतिम राहील." थर्मास कुठल्याशा अनलवाल्याला मिळाला. चहा गरम राहत असेल त्याचा.

हसा, हसा. पण त्याच आठवड्यात जेटीवर एका जुन्या रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, वाऱ्याला आणखी शब्द सांगा. जाळ्यातून मान न काढता तो म्हणाला, "गुरुजी, खंयसून येता ता सांगल्याशिवाय नुसतो वारो काय सांगतास?" म्हणजे, कुठून येतो ते सांगितल्याशिवाय नुसता वारा काय सांगता?

खरं सांगायचं तर आजचं व्याख्यान एवढंच आहे. 'वारा = अनिल' ही व्याख्या नव्हे, एका नावाला दुसरं नाव. अमरसिंहाच्या अमरकोशात, म्हणजे समानार्थी शब्दांच्या जुन्या संस्कृत कोशात, वाऱ्याला अशी वीस नावं आहेत. सदागति, गंधवह, प्रभंजन... काय थाट! गंधवह तर आपल्याकडे सुकत घातलेल्या बांगड्यांवरून येतो, तेव्हा अमरसिंहाची आठवण होतेच. पण यातलं एकही नाव ऐकून होडी बाहेर काढायची की नाही, हे कळत नाही.

सचिव घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? मग 'अंगात वारं येणं', 'वारा प्यालेलं वासरू' हे सगळं सोडतो. वाऱ्याला उभं न राहणारे लोक तर इथे पहिल्या रांगेतच आहेत, तेही सोडतो.

तर मुद्दा. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, आणि तिच्या जागी समुद्रावरून येतो तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, मग उलट जमिनीकडून समुद्राकडे निघतो तो मतलई. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या. म्हणजे या दोन शब्दांत दिशा आहे, वेळ आहे, काम आहे. व्याख्या याला म्हणतात.

दुसरं, वारा जिथून येतो त्या दिशेचं नाव लावतो. नैर्ऋत्य मोसमी वारा नैर्ऋत्येला जात नाही, तिथून येतो. पस्तीस वर्षं मुलांनी मला हे उलटंच लिहून दिलं. कोडं रचणारे तर नैर्ऋत्यच्या वाटेलाच जात नाहीत, त्या 'ऋ'वरचा रफार घरात मावत नाही म्हणून. आणि ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला धडकलं त्या चक्रीवादळाचं नाव काय, तर निसर्ग! बांगलादेशाने सुचवलेलं. तीन घरं, पण त्या दिवसाचं काहीही त्यात नाही.

उठताय? थांबा, फळ्यावर एवढं लिहून ठेवतो, जाताना सोडवा. आडवा सात : पहाटे होडी बाहेर नेतो, चार घरं. उभा आठ, त्याच्या शेवटच्या घरातून खाली : नैर्ऋत्य मोसमी वारा जिकडे जातो ती दिशा, तीन घरं. मतलई, ईशान्य. 'ई'वर 'ई' बसते, तपासून बघा. थर्मास माझ्याकडे नाही, पण चहा मागे ठेवलाय.