३४ अंशांवरची नळी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूची बोंडं वेचून घरी आलं की आधी पोटऱ्यांवरून हात फिरवायचा. गोचीड चिकटलेली नाही ना? २०१५ साली इथे गोचिडीतून पसरणारा माकडताप आला, तेव्हापासून तर हे बघायलाच हवं.

माकडताप विषाणूचा. आजची आपली गोष्ट गोचिडीतल्याच दुसऱ्या रहिवाशाची आहे, बोरेलिया नावाच्या जिवाणूची. मळसूत्रासारखा पीळ, आणि इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हाती लागत नाही. त्याचा लाइम आजार मुख्यतः अमेरिका-युरोपातला. १९८१मध्ये शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांना तो जिवाणू न्यूयॉर्ककडच्या गोचिडींच्या पोटात दिसला. पण नुसतं दिसून भागत नाही, तो वाढवता यायला हवा. ते ॲलन बार्बर या शास्त्रज्ञाने केलं.

आता तो वाढवायची ही नळी बघा. बहुतेक जिवाणू साध्या रश्शावर पोसतात. याला अमिनो आम्लं, मेदाम्लं, काहीच स्वतःचं बनवता येत नाही. सगळं आयतं लागतं. म्हणून या लालसर द्रवात सशाच्या रक्तातला सीरम घालतात, गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिनही. ते उकळून निर्जंतुक करायची सोय नाही, कारण प्रथिनं गोठतील. बारीक गाळणीतूनच गाळून घ्यावं लागतं. अल्ब्युमिनची एक खेप चालते, दुसरीवर जिवाणू वाढतच नाही. महिनाभराची मेहनत अशी वाया गेली की जीव खरंच हळहळतो.

प्राणवायू थोडकाच हवा, म्हणून नळी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावायचं. तापमान ३४ अंशांच्या आसपास. एकाचे दोन व्हायला आठ-बारा तास सहज जातात, आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूला वीस मिनिटं पुरतात. रोग्याच्या नमुन्यातून वाढवायचा तर आठवडेच्या आठवडे वाट बघायची.

मग एके दिवशी लाल रंग पिवळट होतो, म्हणजे जिवाणू वाढला. थेंब काचपट्टीवर घेऊन काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला की अंधारात चांदीच्या तारा वळवळताना दिसतात. पहिल्यांदा बघताना मी श्वास रोखला होता.

मात्र नळीतून नळीत फार वेळा बदललं की तो आपले काही प्लास्मिड, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे तुकडे, गमावतो आणि मग प्राण्याला लागण करू शकत नाही. म्हणून सुरुवातीच्या नळ्या उणे ८० अंशांवर जपून ठेवतात.

हीच वाढ २३ अंशांवर ठेवली तर तो उपाशी गोचिडीत असल्यासारखा वागतो. ३५वर आणली की अंगावर वेगळंच प्रथिन चढवू लागतो. रक्त पिऊ लागलेल्या गोचिडीच्या पोटातही हेच घडतं.