रातांब्याचा रस, चुना आणि खाचरातली माती

(पेल्यात रातांब्याच्या सालीचा रस. शेजारी वाटीत चुन्याची निवळी.)

रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, हा रस लाल दिसतो तो अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे, आणि आंबट लागतो तो मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लामुळे. त्यात चुन्याची निवळी थेंब थेंब सोडू या.

सुरुवातीला रंग हलत नाही. काम मात्र पहिल्या थेंबापासूनच चालू असतं. आम्लाचे हायड्रोजन आयन आणि चुन्याचे हायड्रॉक्साइड आयन जोडीजोडीने एकत्र येतात. त्यांचं पाणी होतं. मागे राहिलेला आम्लाचा भाग आणि चुन्यातलं कॅल्शियम यांचा क्षार बनतो. हेच उदासिनीकरण.

आता बघा, लाली उतरतेय. जांभळट झाली... आणि चुना जास्त झाल्यावर हिरवट. आम्ल की आम्लारी हे रंगाने सांगणारा दर्शक विकत आणावाच लागला नाही, तो फळातच होता!

सामू (pH, आम्लता मोजायचं माप) ७ आला की उदासिनीकरण पूर्ण, असं आपण शाळेत पाठ करतो. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी असतील तर ते खरं आहे. पण व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल आणि कॉस्टिक सोडा अगदी बरोबर मापात मिसळले, तरी द्रावणाचा सामू ७च्या वरच राहतो. दोघं एकमेकांना नुसतं पुसून टाकत नाहीत. जो क्षार तयार होतो, त्याचाही स्वतःचा स्वभाव असतो.

(जांभ्याची चिरेखाण. वर उतारावर नाचणीचं वरकस शेत.)

हीच क्रिया कोकणच्या मातीतही चालते, आणि मला ती पेल्यातल्यापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. इथला धो धो पाऊस मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम धुऊन नेतो. त्यांच्या जागी हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम येतात. सामू साडेपाचाच्या खाली गेला की हे ॲल्युमिनियम विरघळू लागतं आणि मुळं खुरटतात. चुना घातला की ॲल्युमिनियमचं न विरघळणारं हायड्रॉक्साइड होतं, मुळं सुटतात. पण चुना किती घालायचा, हे नुसत्या सामूवरून ठरत नाही. मातीच्या पाण्यात आम्ल थोडंच असतं. खरा साठा चिकणमातीच्या कणांना धरून बसलेला असतो. म्हणून अंदाजाने मुठी फेकू नयेत, माती तपासून घ्यावी.

उन्हाळ्यात कवळ (पाल्याच्या डहाळ्या) आणि शेण पसरून दाढ, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, भाजतात, त्या राबाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. तेही आम्लारिधर्मीच.

(पाण्याने भरलेलं खाचर. लावणी चालू आहे.)

आणि भाताच्या खाचरात तर माती स्वतःच हे काम करते. पाणी साचलं की मातीतली हवा संपते. मग जिवाणू जांभ्याच्या मातीतल्या लोहाचं रूप पालटतात आणि त्या क्रियेत हायड्रोजन आयन खर्ची पडतात. काही आठवड्यांत आम्लधर्मी मातीचा सामू ७च्या जवळ येतो, चुन्याचा कणही न घालता. उतारावरच्या नाचणीला हे सुख नाही. तिथे पाणी थांबतच नाही.

कापणी झाली, खाचर सुकलं, की हवा परत आत शिरते. लोह पुन्हा गंजतं, हायड्रोजन आयन मोकळे होतात, सामू खाली येतो. त्याच ओलीवर पुढे कुळीथ, वाल पेरले जातात, आणि त्यांच्या मुळांना भेटते ती ही परत आंबटलेली माती. त्यांच्यासाठी चुन्याचा हिशेब मांडायचा तो याच मातीवरून.